वराह आणि नराश्व

जांबोटीहून मुलांना हलशीच्या भूवराह-नरसिंह मंदिरात नेले, की एक प्रश्न ठरलेलाच असतो : “गुरुजी, हे राक्षस का?” दोष मुलांचा नव्हे. युरोपीय कथांची मराठी रूपांतरे करताना अश्वदेही मानव, वृषभमुखी मिनोटॉर, सारेच आम्ही ‘राक्षस’ या एका शब्दात कोंबतो. संमिश्र रूप म्हणजे दुष्टता, असा संस्कार त्यातून घडतो. ग्रीक कल्पना इतकी सरधोपट नाही. अथेन्सच्या पार्थेनॉनवरील, इ. स. पूर्व ५ व्या शतकातील शिल्पपटांत नराश्व लापिथांशी झुंजतात. विवाहसमारंभात मद्यधुंद होऊन त्यांनी स्त्रियांवर हात टाकला होता. परंतु त्याच रूपाचा खायरन हा अकिलीजचा गुरू! आणि गोव्याच्या कदंबांच्या काळातील हलशीच्या मंदिरात पूजिल्या जाणाऱ्या वराहाचे मुख पशूचे, पण कार्य बुडत्या पृथ्वीला वर काढण्याचे. तात्पर्य, पौराणिक रूपाचा अर्थ देहाच्या घडणीवरून नव्हे, तर कृतीवरून ठरतो. हा विवेक रूपांतरकाराने सोडला, तर मुले परक्या पुराणांबरोबर आपल्या देवळातील मूर्तीही चुकीच्या वाचतात. म्हणूनच ‘नराश्व’ हा साधा शब्द आम्हांस अधिक न्याय्य वाटतो. बरेवाईट काय, ते कथेला सांगू द्यावे.