शरीरभार, आत्मसन्मान आणि देहप्रतिमा : एक चिकित्सा

युवकांच्या देहप्रतिमेच्या अभ्यासात शरीरभार हे कारण आणि खालावलेला आत्मसन्मान हा परिणाम, अशी मांडणी बहुधा केली जाते. ही मांडणी तपासून घेणे आवश्यक आहे. देहप्रतिमा म्हणजे प्रत्यक्ष शरीर नव्हे. व्यक्तीच्या मनातील स्वतःच्या शरीराचे चित्र व त्याविषयीची तिची भावना, म्हणजे देहप्रतिमा होय.

पहिला प्रश्न मापनाचा आहे. वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याच्या केटले यांच्या जुन्या सूत्राला १९७२ मध्ये अँसेल कीज व सहकाऱ्यांनी ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. हा निर्देशांक स्नायू व चरबी यांत भेद करीत नाही. अतिवजनाचा सर्वसाधारण निकष २५ असला, तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३ हा वाढत्या जोखमीचा टप्पा सुचविला. त्यामुळे २४ निर्देशांक असलेली विद्यार्थिनी एका अभ्यासात ‘सामान्य’, तर दुसऱ्यात ‘अतिवजनी’ ठरू शकते. तिच्या मनातील चित्र मात्र तेच राहते.

दुसरा प्रश्न सरासरीचा आहे. फॅलन व रोझिन यांच्या १९८५ च्या अभ्यासात अमेरिकन विद्यार्थिनींनी स्वतःपेक्षा कृश आकृती आदर्श मानली. विद्यार्थ्यांमध्ये मात्र सरासरीने तशी तफावत दिसली नाही. परंतु काहींना बारीक व काहींना भरदार व्हावयाचे असेल, तर सरासरीत दोन्ही असमाधाने परस्परांना झाकतात. भारतात हा धोका अधिक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील १८.७ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या, तर २४ टक्के अतिवजनी वा लठ्ठ होत्या. ‘जाडी’ आणि ‘हडकुळा’ हे दोन्ही शब्द सारखेच बोचतात. केवळ लठ्ठपणाची भीती मोजणाऱ्या प्रश्नावलीत दुसरी बोच नोंदलीच जात नाही.

तिसरा प्रश्न दिशेचा आहे. रोझेनबर्ग यांची १९६५ ची दहा विधानांची आत्मसन्मान श्रेणी उपयुक्त आहे. तथापि एकाच बैठकीत भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांतून सहसंबंध कळतो, कार्यकारणभाव नव्हे. मुळात स्वतःला कमी लेखणारी व्यक्ती आपले शरीरही कमी लेखत असेल, ही शक्यता शिल्लक राहते.

ही उणीव केवळ पद्धतीपुरती नाही. ‘वजन घटवा, आत्मविश्वास वाढेल’ हा सल्ला अशाच निष्कर्षांवर उभा राहतो आणि वजन सामान्य असूनही आरशासमोर खचणारा विद्यार्थी त्यातून निसटतो. वजनकाट्यावरील आकड्याआधी त्याच्या मनातील चित्र विचारले जाणे, ही संशोधनाची व समुपदेशनाचीही पहिली पायरी ठरावी.