न नेलेले पुस्तक निरुपयोगी का?

ग्रंथालयाची सेवा कितपत चांगली आहे, हे मोजायचे कसे? या प्रश्नाची चर्चा निघाली की पिट्सबर्ग विद्यापीठाचा १९७९ साली प्रसिद्ध झालेला अहवाल हमखास पुढे येतो. अमेरिकेतील या विद्यापीठाच्या हिलमन ग्रंथालयातील देवघेवीच्या संगणकीय नोंदी अ‍ॅलन केंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. १९६९ साली दाखल झालेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तके १९७५ अखेरपर्यंत एकदाही कोणी घरी नेली नव्हती! साहजिकच, एवढी खरेदी वाया गेली, असा अर्थ अनेकांनी काढला.

या अभ्यासाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. वाचकांच्या आठवणीवर विसंबून न राहता प्रत्यक्ष नोंदी घेतल्या, आणि एकाच वर्षी आलेल्या पुस्तकांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला, ही त्याची मोठी बाजू. पण मापन चोख असले तरी निष्कर्ष चोख असतोच असे नाही.

पहिली अडचण म्हणजे ग्रंथालयात बसून केलेले वाचन. संशोधकांनी निवडक दिवशी टेबलांवर राहिलेली पुस्तके मोजली होती. परंतु ज्याने उभ्याउभ्या एखादी आकृती पाहून पुस्तक जागच्या जागी ठेवले, तो वाचक मोजणीतून निसटला.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. देवघेवीच्या नोंदीत फक्त यशस्वी शोध उमटतो. पुस्तक न मिळाल्याने रिकाम्या हाताने परतलेल्या वाचकाची खूण कोठेच राहत नाही. समजा, हवे ते पुस्तक ग्रंथालयाने घेतलेले असणे, ते दुसऱ्याकडे गेलेले नसणे, योग्य जागी लावलेले असणे आणि वाचकाला सापडणे, या चारही पायऱ्या प्रत्येकी ९० टक्के वेळा पार पडतात. कोणालाही ही सेवा उत्तम वाटेल. पण ०.९ चा चार वेळा गुणाकार करून पाहा: उत्तर येते ०.६५६. म्हणजे तीनांपैकी एक वाचक निराश! पुस्तक कपाटात पडून राहिले ते कोणाला नको होते म्हणून, की हवे असणाऱ्याला सापडले नाही म्हणून, हे नुसत्या नोंदवहीवरून कळत नाही.

तिसरी गोष्ट. सेवा किती चांगली आणि तिच्यापासून भले किती झाले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असे ऑर यांनी १९७३ सालीच दाखवून दिले होते. दहा जणांनी नेऊन न वाचता परत केलेले पुस्तक नोंदवहीत दहा वेळा दिसते. एकाच मुलीला दुर्बीण बनवायला लावणारे पुस्तक एकदाच.

हा वाद आपल्या शाळेपासून दूर नाही. पुस्तक हरवेल या धास्तीने कपाटाला कुलूप लागते, मग नोंदवही कोरी राहते, आणि शेवटी ‘मुले वाचतच नाहीत’ असा शेरा बसतो. कुलपाचा दोष मुलांच्या माथी!

म्हणून आम्ही सुचवतो, एक महिना एवढेच करून पाहा. कपाट उघडे ठेवा. शेजारी एक वही ठेवा. पुस्तक मागणाऱ्या प्रत्येक मुलाने पुस्तकाचे नाव किंवा विषय लिहावा आणि पुढे नोंदवावे: मिळाले, शाळेत नव्हते, दुसऱ्याने नेले होते, जागेवर नव्हते, की शोधता आले नाही. वाचलेली पुस्तके मुलांनी टेबलावरच ठेवावीत. ती मोजून मगच कपाटात लावावीत. नववीचे विद्यार्थी हे काम सहज करतील, आणि शेकडेवारीचा पाठही त्यातून होईल. नेमकी कोणती पायरी मोडकी आहे, हे महिनाअखेर दिसेल.

प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, असे एक सूत्र डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडले. ती जबाबदारी त्यांनी पुस्तकावर नव्हे, ग्रंथालयावर टाकली होती. रद्दीची यादी करण्यापूर्वी एवढे आठवले तरी पुरे.