एकटा स्वार, वाळवंट आणि द्यूतनगरी

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार दिसावयास सोपा आणि साधावयास कठीण आहे, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. जो कोणी घराबाहेर पडतो त्यास आपण कांहीं विशेष पाहिलें असें वाटतें, आणि तें लिहून काढण्याची त्यास घाई होते. गेल्या पन्नास-साठ वर्षांत अमेरिकेंत या प्रकाराची एक शाखा फार फोंफावली आहे. एक मनुष्य, एक मोटरसायकल, मोहावीचें किंवा नेवाडाचें वाळवंट, आणि त्या वाळवंटांत दिव्यांनीं पेटलेलें लास व्हेगास हें जुगाराचें शहर. एवढ्या सामग्रीवर इतकें लिहिलें गेलें आहे कीं, त्याचा एक सांचाच बनून गेला आहे. वाळवंटांत लेखकाला शांति मिळते, शहरांत त्याला किळस येते. वाळवंट सत्य, शहर मिथ्या. या सांच्याविषयीं आम्हांस येथें लिहावयाचें आहे, कारण आमच्या मतें त्यांतील स्तुति व निंदा या दोहोंचें मूळ एकाच भ्रमांत आहे.

प्रथम वाहनाविषयीं. रॉबर्ट पिर्सिग यांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ या ग्रंथाच्या आरंभींच मोटार व मोटरसायकल यांतला भेद सांगितला आहे. मोटारींतल्या मनुष्याला जग चौकटींत बसविलेलें दिसतें. मोटरसायकलवरच्या मनुष्याला चौकटच नसते. पिर्सिग एकटे नव्हते, त्यांच्या पाठीमागें मुलगा बसला होता, आणि त्यांचा मुख्य मार्गहि वाळवंटाचा नव्हता. तरी पुढच्या एकट्या स्वारांनीं हा भेद वेदवाक्याप्रमाणें उचलला. भेद खरा आहे. भर जुलैंत डेथ व्हॅलींतून जाणाऱ्या स्वाराला वाऱ्याचा आधार उरत नाहीं. हवा शरीराहून पुष्कळ अधिक तापली म्हणजे तोच वारा भट्टीच्या झोतासारखा अंगावर येतो, आणि जाणते स्वार अशा वेळीं अंगांतलें जाकीट उघडें न टाकतां उलट बंद करून घेतात. टांकींत पेट्रोल किती, पुढचा पंप किती मैलांवर, पाणी किती उरलें, हा हिशेब डोक्यांत सतत चालूं असतो. परंतु या बैठकीचा लेखनावर काय परिणाम होतो, हा प्रश्न टीकाकारांनीं फारसा विचारलेला दिसत नाहीं. स्वाराचे दोन्ही हात गुंतलेले आणि कान शिरस्त्राणांत बंद. त्याला वाटेंत टिपण करतां येत नाहीं, कोणाशीं बोलतां येत नाहीं. आठ तास तो स्वतःशींच बोलतो आणि रात्रीं मुक्कामाच्या खोलींत तें संभाषण कागदावर उतरवितो. म्हणून या वाङ्मयांत वर्णनापेक्षां स्वगत अधिक. नाटकांत स्वगत शोभतें, कारण तें लवकर संपतें.

या शाखेंतलें उत्तम पुस्तक कोणतें असें कोणी विचारल्यास आम्ही नील पीअर्ट यांच्या ‘घोस्ट रायडर’चें (२००२) नांव घेऊं. पीअर्ट हे कॅनडांतील ‘रश’ या रॉक वाद्यवृंदाचे ड्रमवादक आणि पद्यकार. २०२० सालीं ते वारले. १९९७ च्या ऑगस्टमध्यें त्यांची एकोणीस वर्षांची एकुलती मुलगी मोटार-अपघातांत गेली, आणि दहा महिन्यांनीं पत्नी कर्करोगानें गेली. १९९८ च्या ऑगस्टमध्यें ते क्वेबेकमधील आपल्या घरून मोटरसायकलवर निघाले, ते चौदा महिन्यांत सुमारें ५५,००० मैल हिंडले: उत्तरेस अलास्का, दक्षिणेस मेक्सिको व बेलीझ, आणि मध्यंतरीं पुनःपुन्हां पश्चिम अमेरिकेचीं वाळवंटें. दुःख मोठें असलें म्हणजे पुस्तक मोठें होतें असें नाहीं. उलट, मोठ्या दुःखानें पुष्कळ पुस्तकें बुडविलीं आहेत. पीअर्ट यांचें यश असें कीं, त्यांची लेखणी शोकाला सारखी गोंजारीत बसत नाहीं; रस्त्याची अवस्था, यंत्राची देखभाल, संध्याकाळचें जेवण, दिसलेला पक्षी, यांची नोंद ते निष्ठेनें करतात. आज इतके मैल झाले, उद्यां इतके होतील. शोकानें पिचलेल्या मनुष्याला उद्यांचा दिवस एवढ्याच मापानें झेपतो, हें ज्यांनीं घरांत मृत्यु पाहिला आहे त्यांस कळेल. पुस्तकाचा मोठा भाग पत्ररूप आहे, आणि त्यांतलीं बरींचशीं पत्रें तुरुंगांत पडलेल्या एका मित्रास लिहिलेलीं आहेत. एक चार भिंतींत कोंडलेला, दुसरा भिंतच नसलेल्या प्रदेशांत फिरणारा. आणि दोघांत अधिक बंदिवान कोण, हें वाचकाला पुष्कळ वेळ ठरवितां येत नाहीं. हा योग लेखकानें रचलेला नव्हे, तो घडून आला. परंतु त्याचें मोल ओळखून तीं पत्रें पुस्तकांत जशींच्या तशीं ठेवण्यांत खरी दृष्टि आहे.

इतकी स्तुति केल्यावर दोष सांगणें प्राप्त आहे. पीअर्ट यांच्याहि पुस्तकांत वाळवंट हें औषध आहे, प्रदेश नव्हे. तें त्यांच्यासाठीं तेथें पसरलेलें आहे, आणि वाटेंत भेटणारे इतर प्रवासी त्या औषधांत पडलेल्या माशांप्रमाणें त्यांना नकोसे होतात. त्यांच्याविषयीं ते अनेकदां विनाकारण कठोर लिहितात. त्यांच्या मागून आलेल्या किरकोळ लेखकांच्या हातीं तर हा दोष नियमच झाला. ‘रिकामें’, ‘निर्मनुष्य’, ‘अस्पर्श’ हीं विशेषणें पानोपानीं येतात. वाळवंट रिकामें आहे, म्हणूनच त्यांत स्वतःला शोधतां येतें, असा हा युक्तिवाद.

हीं विशेषणें निरुपद्रवी असतीं तर आम्ही त्यांच्यासाठीं शाई खर्च केली नसती. डेथ व्हॅली हें नांव १८४९ सालीं तेथें अडकलेल्या गोऱ्या प्रवाशांमुळें पडलें. तिंबिशा शोशोनी लोक तेथें त्याआधीं पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, आणि त्यांच्या लेखीं ती मृत्यूची दरी नव्हती. १९३३ सालीं ती भूमि राष्ट्रीय स्मारक म्हणून राखीव झाली, म्हणजे तेथले रहिवासी आपल्याच घरीं आगंतुक ठरले. त्यांच्या जमातीस सरकारी मान्यता मिळावयास १९८३ साल उजाडलें, आणि साडेसात हजारांहून कांहीं अधिक एकर भूमि त्यांना परत देणारा कायदा २००० सालीं झाला. तिकडे लास व्हेगासच्या वायव्येस सुमारें ६५ मैलांवर, असल्याच ‘रिकाम्या’ प्रदेशांत, १९५१ पासून १९९२ पर्यंत ९२८ अणुचांचण्या झाल्या. त्यांपैकीं १०० उघड्या आकाशाखालीं. वारा लास व्हेगासकडे वाहत नसेल असा मुहूर्त पाहून स्फोट करीत. मग तो वारा पूर्वेस यूटामधील सेंट जॉर्जसारख्या गांवांवरून जाई. त्या गांवांतल्या आजाऱ्यांना भरपाई देण्याचा कायदा १९९० सालीं करावा लागला, ही गोष्ट तो प्रदेश निर्मनुष्य नव्हता याची सरकारनेंच दिलेली कबुली होय. कवीच्या लेखणींत आणि सेनापतीच्या नकाशावर एकच विशेषण असावें, हें कवीला भूषणावह नाहीं.

कोणी म्हणेल, मोटरसायकलवरून धांवणाऱ्याला हें दिसावें कसें? आम्ही म्हणतों, मेरी ऑस्टिन यांना दिसलें. त्यांचें ‘द लँड ऑफ लिटल रेन’ हें पुस्तक १९०३ सालचें. त्या ओवेन्स खोऱ्यांत वर्षानुवर्षें राहिल्या होत्या. लहान जनावरांच्या पाण्याकडे जाणाऱ्या पायवाटा कशा ओळखाव्या, यावर त्यांनीं एक पूर्ण प्रकरण लिहिलें आहे, आणि सेयावी नांवाच्या टोपल्या विणणाऱ्या पाययूट स्त्रीवर दुसरें. हें पुस्तक वाचून झाल्यावर वाळवंटाला रिकामें म्हणण्याची वाचकाला लाज वाटते. तेथें वस्ती विरळ आहे. विरळ आणि रिकामें यांत जें अंतर आहे, तें ज्या लेखकाला कळत नाहीं त्यानें शब्दांचा व्यवसाय करूं नये.

आतां शहराकडे वळूं. वाळवंट एकदां रिकामें ठरलें कीं त्यांतलें शहर आपोआप उपरें ठरतें, आणि त्यास शिव्या देणें सोपें होतें. लास व्हेगास या स्पॅनिश नांवाचा अर्थ कुरणें असा आहे. तेथें झरे होते, त्यांवर पाययूट लोक राहत, वाटसरू थांबत. पुढें रेल्वे आली आणि १९०५ सालीं भूखंडांचा लिलाव होऊन गांव वसलें. ते झरे १९६२ सालीं आटले. म्हणजे हें शहर वाळवंटाबाहेरून आणून ठेवलेलें खेळणें नसून, वाळवंटाच्याच एका पाणवठ्याचें झालेलें रूप आहे. १९३१ सालीं नेवाडानें जुगार कायदेशीर केला, आणि त्याच वर्षीं जवळच कॉलोराडो नदीवर हूव्हर धरणाचें काम सुरू झालें. हें शहर पाणी उधळतें असें म्हणण्याची चाल आहे. वस्तुतः त्या नदीच्या पाण्यांत नेवाडाचा वार्षिक वांटा ३ लाख एकर-फूट, कॅलिफोर्नियाचा ४४ लाख. आणि लास व्हेगासच्या घरांत व हॉटेलांत वापरलेलें पाणी शुद्ध करून मीड सरोवरांत परत सोडतात. कारंजीं पाहून चिडणाऱ्या स्वारानें सकाळीं केलेलें स्नानसुद्धां असें परत गेलेलें असतें.

जुगाराविषयीं आमच्या वाचकांस परकेपणा वाटण्याचें कारण नाहीं. ऋग्वेदांत अक्षसूक्त आहे. आणि सभापर्वांत मयसभा व द्यूत हीं एकाच पर्वांत, एकामागून एक यावीं, यांत व्यासांचें मर्म आहे असें आम्हांस नेहमीं वाटत आलें आहे. दुर्योधनाला स्फटिकाच्या जागीं पाणी दिसलें आणि पाण्याच्या जागीं जमीन. तो पडला, त्याचें हसें झालें, आणि त्या अपमानांतून फांसे बाहेर आले. लास व्हेगासमध्यें १९९३ सालीं पिरॅमिड उभा राहिला, १९९८ सालीं एका इटालियन गांवाच्या नांवानें सरोवर झालें, १९९९ सालीं व्हेनिसचे कालवे छताखालीं वाहूं लागले. स्वार येतो, या मयसभेंत त्याचा तोल जातो, आणि तो रागावून परत वाळवंटांत जातो. रागाचें कारण तो सांगत नाहीं. आम्हांस वाटतें, तें असें असावें: आपण धाडस करीत आहों या कल्पनेवर तो शेंकडों मैल आलेला असतो, आणि येथें धाडसाचा बाजारभाव लावलेला आढळतो. अमेरिकन रूलेटच्या चक्राला ३८ खांचे असतात आणि एका आंकड्यावर लावलेला डाव जिंकल्यास ३५ पट मिळतात. त्यामुळें शंभर डॉलर लागले कीं सरासरीनें सव्वापांच डॉलर घराचे. खेळणारा जुगार खेळतो, जुगारगृह खेळत नाहीं. एवढें स्वच्छ गणित मांडून ठेवणाऱ्या शहरास मिथ्या म्हणणें आम्हांस जड जातें.

शहराच्या निंदेंतहि उत्तम वाङ्मय होऊं शकतें, याचा दाखला म्हणजे हंटर थॉम्पसन यांचें १९७१ सालीं ‘रोलिंग स्टोन’मध्यें आलेलें ‘फियर अँड लोदिंग इन लास व्हेगास’. पण तें यशस्वी झालें याचें कारण त्यांत लेखक स्वतःला शहराहून निराळा समजत नाहीं. तो मोटरसायकलवर येत नाहीं, आणि एकटाहि नाहीं. मोटारींतून आपल्या वकिलासह येतो, तो ‘मिंट ४००’ या वाळवंटांतल्या शर्यतीचें वृत्त देण्याकरितां. त्या शर्यतींत मोटरसायकली धांवतात, आणि धुळीच्या लोटांत त्याला जवळजवळ कांहींच दिसत नाहीं. वाळवंट आणि मोटरसायकल यांविषयीं इतकें प्रामाणिक वाक्य पुष्कळ स्वारांना साधलेलें नाहीं. दुसऱ्या बाजूस इंग्रज टीकाकार रेनर बॅनहॅम. रात्रीच्या लास व्हेगासमध्यें अवकाशाला आकार येतो तो भिंतींनीं नव्हे, प्रकाशानें, हें त्यांनीं १९६९ सालीं लिहिलें, आणि पुढें १९८२ सालीं ‘सीन्स इन अमेरिका डेझर्टा’ हा वाळवंटावरचा ग्रंथहि त्यांनींच लिहिला. ज्या डोळ्यांना एक आवडलें त्यांनाच दुसरें आवडावें, यांत विसंगति नाहीं.

आमची मुख्य तक्रार मात्र माणसांविषयीं आहे. १९९१ च्या सप्टेंबरपासून १९९८ च्या फेब्रुवारीपर्यंत लास व्हेगासच्या ‘फ्रंटिअर’ हॉटेलांतल्या साडेपांचशें कामगारांनीं संप चालविला. खोल्या झाडणाऱ्या, ताटें वाढणाऱ्या त्या लोकांनीं सहा वर्षांहून अधिक काळ, रात्रंदिवस, त्या उन्हांत रस्त्यावर पहारा केला, आणि संपकऱ्यांपैकीं एकहि जण फुटला नाहीं. धैर्य, एकांत, ऊन आणि सहनशक्ति यांविषयीं लिहिणाऱ्या एकट्या स्वारांच्या ज्या पुस्तकांतून आम्ही हिंडलों, त्यांत या लोकांची ओळ आमच्या पाहण्यांत आली नाहीं. आमच्या गोडसेभटजींचें ‘माझा प्रवास’ या संदर्भांत आठवतें. भटजी १८५७ सालीं निघाले ते आत्मशोधासाठीं नव्हे, दक्षिणेसाठीं. घरीं कर्ज होतें. ज्याला लोकांकडून कांहीं घ्यावयाचें असतें त्याला लोकांकडे पाहावें लागतें, आणि म्हणून १९०७ सालीं छापल्या गेलेल्या त्या पुस्तकांत माणसें आहेत. अलीकडे आमचे मराठी तरुणहि मोटरसायकलवर लडाखला जातात आणि परत येऊन लिहितात. त्यांच्या लेखांतहि ‘निर्मनुष्य पठार’ हटकून येतें. त्याच पठारावर चांगपा धनगर पश्मिन्याच्या शेळ्या चारीत असतात, आणि लेखकाच्या छायाचित्रांत त्या शेळ्या दिसतातहि.

पीअर्ट यांच्या पुस्तकाचा शेवट सांगावयाचा राहिला. चौदा महिने रस्त्यानें त्यांना जिवंत ठेवलें, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण ज्या भेटीनें त्यांचा प्रवास संपला, ती वाळवंटांत झाली नाहीं. ती लॉस एंजेलिस या गजबजलेल्या शहरांत, एका मित्राच्या मध्यस्थीनें, छायाचित्रें काढणाऱ्या एका स्त्रीशीं झाली. पुढें २००० सालीं त्यांचें लग्न झालें. चारशेंहून अधिक पानांच्या ग्रंथांत या गोष्टीला अगदीं थोडीं पानें मिळालीं आहेत, आणि पुस्तकाच्या उपशीर्षकांत बरें करण्याचें श्रेय रस्त्याला दिलेलें आहे.