उजाडण्याआधीचा पेला

डिसेंबरातल्या पहाटे धाम नदीच्या अंगाने चालताना नीरेचा, म्हणजे शिंदीच्या झाडाच्या ताज्या रसाचा, पेला हाती आला, तर तो लगेच ओठांना लावू नये. आधी उगवतीकडे धरून पाहावा. नीरा पाण्यासारखी नितळ नसते. तांदळाच्या धुवणात असावा तेवढा पुसट धूसरपणा तिच्यात विरघळलेला असतो, आणि आभाळाचा राखी उजेड त्यातून मऊ होऊन आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. पुण्या-मुंबईतले बिअरचे रसिक हल्ली एकाच जातीच्या हॉप्स-फुलांची ढगाळ बिअर अशीच उजेडाकडे धरतात. १९७४ पासून दारूबंदी असलेल्या आमच्या वर्धा जिल्ह्यात तो पेला भरला जात नाही. पण एकाच उगमाची चव ओळखायला शिकायचे असेल, तर शिंदीच्या या रसाइतका चांगला गुरू मला ठाऊक नाही.

आता पेला नाकाशी न्यावा. पहिला वास येतो तो रसाचा नव्हे, मडक्याचा: ओल्या मातीचा, आणि त्याच्याआड नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीचा. रस धरायच्या मडक्याला आतून चुना फासतात. त्यामुळे रस आंबवणारे सूक्ष्मजीव थोपून राहतात आणि रात्रभर थेंबथेंब साचलेली गोडी पहाटेपर्यंत गोडीच राहते. चुन्याची ती फिकट, खडूसारखी झाक कोणाला दोष वाटेल. मला ती सुरामागच्या तंबोऱ्यासारखी वाटते, कारण तिच्यामुळेच गोडवा चिकट होत नाही.

मग घोट. उसाचा रस जिभेवर पडताच आपली गोडी जाहीर करतो. नीरा मात्र थंड, जवळजवळ अलिप्त अशी आत शिरते, शहाळ्याच्या पाण्याची पुसटशी आठवण देते, आणि गिळून झाल्यावर, घशाच्या उंबरठ्यावरून, मागे वळून गोड होते. आणखी क्षणभर थांबले तर जिभेच्या कडेला एक अतिसूक्ष्म चुणचुण जाणवते. चुन्याला न जुमानता आंबण्याची ती पहिली चाहूल असते. त्या चुणचुणीतच या पेयाचे सारे सौंदर्य आहे असे मी मानतो, कारण आपण जे पितो आहोत ते टिकणार नाही, हे तिथे जिभेला कळते. ऊन चढेल तसा तोच रस फेसाळतो, आंबटतो, माणसाला चढू लागतो. आणि आपल्याकडे झाडालाही शिंदी म्हणतात, त्या चढणाऱ्या रसालाही शिंदीच.

पेला हातात ठेवून एकदा झाडाकडे पाहावे. शेंड्याखालचा कोवळा भाग तासून रस काढतात. एका हंगामात एका बाजूने, पुढच्या हंगामात दुसऱ्या बाजूने. म्हणून जुन्या शिंदीचे खोड नागमोडी दिसते, आणि खालून वर एकेक खाच मोजत गेले की तिने किती हिवाळे पाझरून काढले ते वाचता येते. रस काढलेल्या झाडाला काही दिवस विसावा द्यावा लागतो. त्या विसाव्यानंतरच्या पहिल्या रात्रीची नीरा सर्वांत स्वच्छ आणि सर्वांत गोड.

या चवीवर वर्ध्याने मनापासून विचार केलेला आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या आणि मगनवाडीत वसलेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने, गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पांच्या देखरेखीखाली, याच रसाच्या गुळाचा पुरस्कार केला. म्हणजे जी गोडी काही तासांत उडून जाते, तिला काहिलीत आटवून वर्षभर घरात ठेवण्याची वाट धरली. सेवाग्रामला गांधीजींच्या बापूकुटीत मातीच्या भिंतीवर त्यांच्या शिष्या मीराबेनने ताडकुळातल्या झाडांच्या उठावाकृती घडवल्या आहेत. तिथे जाणारे चरखा पाहतात आणि पुढे सरकतात; नीरा पिऊन आलेला माणूस त्या झाडांपाशी थबकतो.

तेव्हा हिवाळ्यात वर्ध्याला मुक्काम पडलाच, तर पाचाचा गजर लावा. बरोबर बाटली आणू नका. झाडाखाली उभे राहून, ऊन पडायच्या आत, एकच पेला प्या.