प्रेक्षक, रोगी आणि निर्णय

मनोविकाराचे प्रदर्शन मांडणे ही मुळातच संशयास्पद कृती आहे; कारण तिला पूर्वेतिहास आहे. १२४७ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या बेथलेम रुग्णालयात १७७० पर्यंत ‘वेडे पाहण्यासाठी’ कोणालाही सहज जाता येत असे. होगार्थच्या १७३५ मधील चित्रमालिकेच्या अखेरच्या चित्रात या रोग्यांमध्ये उंची पोशाखातल्या दोन स्त्रिया मौजेने उभ्या दिसतात. चित्रातील उपरोधाचा रोख रोग्यांपेक्षा त्यांच्यावर अधिक आहे.

आजची संहभागी प्रदर्शने या बघ्याला ‘अनुभव’ देऊ करतात. कानांना हेडफोन लावायचे, भासमान आवाज ऐकायचे आणि त्याच वेळी एखादे साधे काम करून पाहायचे. आपल्या समीक्षेच्या परिभाषेत, ताटस्थ्याकडून तादात्म्याकडे नेण्याचा हा प्रयत्न होय. परंतु संवेदना म्हणजे अनुभव नव्हे. रोग्याला ऐकू येणाऱ्या आवाजांना त्याच्या आयुष्याचा संदर्भ असतो; हेडफोनमधले आवाज कोणाचेच नसतात. शिवाय हेडफोन काढता येतो. ज्या अवस्थेचे मर्मच सुटका नसण्यात आहे, तिची सुटकेच्या हमीसह केलेली प्रतिकृती सहानुभूतीपेक्षा समजल्याचे समाधानच अधिक देते.

बेथलेमच्या आवारात २०१५ पासून नव्या जागेत असलेल्या ‘म्यूझियम ऑफ द माइंड’मधील एक रचना मला म्हणूनच अधिक प्रामाणिक वाटते. रुग्णाला इच्छेविरुद्ध दाखल करावे काय, हे तिथे प्रेक्षकाला ठरवावे लागते. ती त्याला रोगी होण्याचे नाटक करू देत नाही. पाहणाऱ्याच्या हाती कोणती सत्ता असते, एवढेच ती दाखवते. मात्र तिचीही मर्यादा स्पष्ट आहे. इथे रुग्णाचे बोलणे पुन्हा पुरावाच ठरते. निवेदनाचा अधिकार त्याच्याकडे येत नाही.

हा अधिकार त्याच संग्रहालयातील रिचर्ड डॅडच्या चित्रांत दिसतो. डॅड १८४४ ते १८६४ या काळात बेथलेममध्ये होता आणि तिथेही चित्रे काढीत होता. त्याच्या चित्रापुढे दाबायला कळ नाही, द्यायला निर्णय नाही. ती आजाराची लक्षणे म्हणून वाचण्याचा मोह आवरून प्रेक्षकाला तिथे केवळ थांबावे लागते. दुसऱ्याचे मन आपल्याला पूर्णतः उपलब्ध नाही, हे मान्य करणारे असे थांबणे हाच या विषयातील खरा सहभाग होय.