वाफेवरचा चीन, कढईतले चायनीज

बीडमध्ये संध्याकाळी बार्शी नाक्याकडून जालना रोडकडे निघाले की लाल-पिवळ्या अक्षरांच्या 'चायनीज'च्या गाड्या एकामागून एक लागतात. त्यांवरचे फलक वाचायची मला जुनी सवय आहे. हक्का नूडल्स, मंचुरियन, मंचाव सूप, शेजवान राईस, लॉलीपॉप. 'शेजवान'चे कुठे 'शेझवान' झालेले असते, कुठे 'सेजवान'. मुकुंदराज आणि दासोपंत ज्या जिल्ह्यात होऊन गेले, तिथल्या माणसाला पाठभेदांचे अप्रूप वाटू नये. पण हस्तलिखितांतल्या पाठभेदांवर आपण पानेच्या पाने लिहिली, या फलकांकडे मात्र मजकूर म्हणून कधी पाहिले नाही.

खाद्यपदार्थांवरचे मराठी लेखन बहुधा दोन वाटांनी जाते. एक कृतीची: साहित्य, प्रमाण, वेळ. दुसरी स्मरणरंजनाची: आजीच्या हातची चव आता राहिली नाही. तिसरी वाट, म्हणजे समीक्षेची, आपण फारशी मळलेली नाही. आणि बाहेरच्या खाण्याबद्दल बोलायची वेळ आली की आपली समीक्षा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते: 'हे अस्सल आहे का?' बीडच्या गाडीवरचे चायनीज अस्सल नाही, मुंबईच्या जुन्या हॉटेलातले अस्सल, असा निकाल लागतो आणि विषय मिटतो. हा निकाल तपासून पाहण्यासाठी एका बाजूला गाडीवरचा फलक आणि दुसऱ्या बाजूला कुलाब्यातल्या एका जुन्या चिनी उपाहारगृहातले डिमसमचे जेवण ठेवून मी वाचले. त्या वाचनाची ही टिपणे.

फलकावरचे शब्द

'हक्का' हे मूळचे लोकांचे नाव. त्याचा शब्दशः अर्थ 'पाहुणी कुटुंबे'. चीनच्या उत्तरेकडून दक्षिणेकडे पिढ्यान्‌पिढ्या सरकत आलेल्या या समाजाला आधी वसलेल्यांनी 'पाहुणे' म्हटले आणि तेच नाव चिकटले. यांतली अनेक कुटुंबे कोलकात्यात आली, टांगरा भागात त्यांनी चामडे कमावण्याचे कारखाने काढले आणि त्याच वस्तीतून नूडल्स भारतभर गेल्या. बीडच्या चौकात 'हाफ हक्का' मागणारा मुलगा नकळत एका स्थलांतरित समाजाचे नाव घेत असतो.

'मंचुरियन'ची गोष्ट उलटी आहे. मांचुरिया हा चीनच्या ईशान्येचा प्रदेश, पण त्याचा या पदार्थाशी काही संबंध नाही. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात तो पहिल्यांदा केला, असे ते स्वतः सांगत आले. आले, लसूण, हिरवी मिरची ही फोडणी आपलीच. फक्त पुढे गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर. वांग यांनी पुढे केम्प्स कॉर्नरला 'चायना गार्डन' काढले. चिकनच्या जागी कोबी आला आणि पदार्थ शाकाहारी तालुक्यांतही पोहोचला.

'शेजवान' म्हणजे सिचुआन प्रांत. तिथल्या स्वयंपाकाची खूण म्हणजे जिभेला मुंग्या आणणारी एक प्रकारची मिरी. गंमत अशी, की या मिरीची सख्खी चुलत बहीण आपल्याकडे आहे: कोकण-गोव्यात बांगड्याच्या आमटीत पडणारे तिरफळ. दोन्ही एकाच वनस्पतिकुळातली. म्हणजे सिचुआनचा खरा स्वाद महाराष्ट्रातच झाडाला लागत होता. गाडीने मात्र तिरफळाकडे वळूनही पाहिले नाही. लाल मिरची आणि लसूण तेलात परतून केलेली गाडीवरची शेजवान चटणी ही चवीने, रंगाने आणि स्वभावाने लसणाच्या ठेच्याची बहीण आहे. मराठवाड्याने ती एका घासात आपलीशी केली, यात नवल नाही. ओळखीचीच होती.

म्हणजे फलकावर चीनमधली तीन नावे आहेत आणि कढईत बरेचसे आपले आहे. याला भेसळ म्हणायचे की भाषांतर, हे ठरवण्याआधी दुसऱ्या टेबलावर बसू.

कुलाब्यातले टेबल

मुंबईत चिनी माणसे आली ती प्रामुख्याने बंदराच्या वाटेने. माझगावात १९१९ पासूनचे त्यांचे एक छोटे देऊळ आजही आहे. चर्चगेटचे 'कामलिंग' स्वातंत्र्यापूर्वीपासूनचे. लिंग कुटुंबाने १९४० च्या दशकात गेटवेजवळ 'नानकिंग' चालवायला घेतले. पुढे त्याच कुटुंबाने रीगल सिनेमामागच्या गल्लीत 'लिंग्ज पॅव्हेलियन' उभे केले. आत गेल्यावर छोटेसे पाणी आणि त्यावर पूल लागतो. जेवण मुख्यतः कँटनी वळणाचे, म्हणजे दक्षिण चीनमधल्या ग्वांगझौ भागातले.

डिमसम हे त्या भागाचे खाणे. या शब्दाचा अर्थ 'हृदयाला हलकेच स्पर्श करणारे' असा लावतात. पण कँटनी माणूस 'डिमसम खायला जाऊ' असे फारसे म्हणत नाही. तो म्हणतो 'यम-चा', म्हणजे 'चहा प्यायला जाऊ'. यातला 'चा' आपल्या ओळखीचा आहे. हाच शब्द पोर्तुगीजांच्याही तोंडी होता. उत्तरेत 'चाय' झाली, मराठीत 'चहा' राहिला. बीडच्या बसस्थानकावर 'एक कटिंग' मागणारा माणूस यम-चाच्या अर्ध्या वाटेवर उभाच आहे. उरलेली अर्धी वाट म्हणजे चहासोबत येणारे लहान लहान घास.

चहा ओतला की कँटनी माणूस दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करून आभार मानतो. किटलीचे झाकण अर्धवट उघडे ठेवले की वाढप्याने समजायचे: पाणी हवे. हाँगकाँगच्या मोठ्या चहागृहांत तर डिमसमच्या टोपल्या ढकलगाडीवरून टेबलांमधून फिरवल्या जात. गाडीचे आणि या खाण्याचे नाते बीडमध्ये सुरू झालेले नाही.

माझ्यापुढे बांबूची गोल टोपली आली. बुरुडाच्या हातची वाटावी अशी विणलेली. झाकण काढल्यावर वाफ वर गेली आणि आत चार पारदर्शक घड्या दिसल्या. आतली गुलाबी कोळंबी बाहेरून कळत होती. या पदार्थाचे नाव 'हार-गाऊ'. माझ्या तोंडून निघाले, "हे तर दिंडच."

गव्हाचा चीक

मराठवाड्यात नागपंचमीला चिरायचे नाही, तळायचे नाही, तवा ठेवायचा नाही. म्हणून वाफेवरचे दिंड करतात: कणकेची पारी, त्यात पुरण, चारही बाजू आत दुमडून चौकोनी घडी, खाली पाणी उकळते आणि वर चाळणीत या घड्या. तुपाशी खायचे. उकडीचा मोदक कोकणाने गाजवला, दिंडाला तसा वकील मिळाला नाही.

हार-गाऊ दिंडाच्या जवळचा दिसतो, पण खरे साम्य आणखी खोल आहे. त्याची पारी नेहमीच्या कणकेची नसते. गव्हातला चिवटपणा काढून टाकल्यावर जे पांढरे सत्त्व उरते, त्याची असते. हे सत्त्व आपल्या घराघरांत उन्हाळ्यात निघते: कुरडईसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून काढलेला चीक तो हाच. चिकात उकळते पाणी पडले की तो शिजून काचेसारखा होतो. कुरडईचा चीक शिजवताना पातेल्यात हे रूपांतर प्रत्येक मराठवाडी बाईने पाहिलेले असते. कँटनच्या कारागिराने त्याच रूपांतराची पारी केली, आपण सोऱ्यातून पाडून उन्हात वाळवली. उकळत्या पाण्याने पीठ शिजवून मग त्याला आकार द्यायचा, हे तत्त्व मोदकाच्या उकडीतही आहे. पारीच्या एका कडेला कळ्या पाडून ती मिटायची. चांगल्या हार-गाऊला निदान सात कळ्या हव्यात, असा संकेत आहे. आमच्याकडेही मोदकाच्या कळ्या मोजणारी माणसे असतात.

इथवर सगळे गोड आहे. पण 'हे तर दिंडच' हे माझे वाक्य समीक्षा म्हणून कच्चे आहे, हे मला त्याच टेबलावर दुसरी टोपली येईपर्यंत उमगले. 'आपल्याकडे हे होतेच' असे म्हणताच समोरचा पदार्थ दिसेनासा होतो. साम्य दार उघडते. आत गेल्यावर फरक पाहावा लागतो.

कोणाचे हात

फरक असा. दिंड वर्षातून एकदा होते, घरात होते आणि ते करणारीचे नाव कुठे लागत नाही. तिला मजुरी नाही. ते शिकवायला उस्ताद नाही. सासूच्या शेजारी उभे राहून जे येईल ते. ग्वांगझौच्या चहागृहांनी याच प्रतीच्या हस्तकौशल्याचा धंदा केला. कँटनी स्वयंपाकघरात डिमसमचा विभाग कढईपासून वेगळा असतो. तिथला कारागीर उमेदवारी करतो, वर्षे घालवतो, हाताखाली माणसे तयार करतो आणि पगार घेतो. हाँगकाँगचे 'लुक यू' चहागृह १९३३ पासूनचे. न्यूयॉर्कच्या चायनाटाऊनमधले 'नोम वा' १९२० पासूनचे. ही नावे टिकली, कारण त्या घड्यांना किंमत होती. आपल्याकडे दिंडाचे दुकान शंभर वर्षे चाललेले नाही, कारण ते दुकानात कधी आलेच नाही. आईच्या हातची चव गेली म्हणून आपण हळहळतो. त्या हाताला मोल दिले असते तर चव टिकायला एखादी जागा मिळाली असती, हा विचार स्मरणरंजनाच्या लेखनात येत नाही.

दुसरा फरक अधिक जड आहे. मुंबईतले जुने चिनी उपाहारगृह टिकले ते केवळ चवीवर टिकले नाही. ऑक्टोबर १९६२ मध्ये युद्ध झाले आणि भारतातल्या चिनी वंशाच्या माणसांकडे शत्रू म्हणून पाहिले जाऊ लागले. मुख्यतः आसाम-बंगालमधल्या सुमारे ३,००० जणांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले. त्यांत अनेक इथेच जन्मलेले होते. काहींची सुटका व्हायला वर्षे लागली. सुटल्यावर घर, दुकान परत मिळेलच असे नव्हते. पुढे कितीतरी कुटुंबे कॅनडासारख्या देशांत निघून गेली. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी चीनमध्ये रुग्णसेवा करता करता १९४२ मध्ये देह ठेवला. त्यांचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. देवळीची छावणी मात्र आपल्या वाचनात फारशी आली नाही. चीनला गेलेला मराठी माणूस आठवणीत राहिला, इथे राहिलेला चिनी माणूस विसरला गेला आणि नेमक्या त्याच दशकांनंतर 'चायनीज' गावोगाव पोहोचले. माणसे कमी होत गेली, फलक वाढत गेले.

त्यामुळे जुन्या उपाहारगृहातल्या टेबलावर 'चव पहिल्यासारखी आहे का' हा प्रश्न मला अपुरा वाटतो. हे कुटुंब इथे कसे राहिले, हा प्रश्न त्या टोपलीच्या शेजारी ठेवल्याशिवाय जेवणाचे वाचन पुरे होत नाही.

गाडीचा निकाल

आता पुन्हा बार्शी नाका. गाडीवरचे चायनीज अस्सल नाही, हे खरे. पण हा दोष म्हणून सांगणे चुकीचे आहे. कोरडवाहू जिल्ह्यातल्या पोराला एक कढई, एक शेगडी आणि चार बाटल्यांवर धंदा उभा करता आला, हे त्या पदार्थाचे कर्तृत्व आहे. डिमसमला वाफ, वेळ आणि शिकलेले हात लागतात. गाडीला मोठा जाळ आणि चपळाई पुरते. मोमोजच्या रूपाने अलीकडे वाफही तालुक्यांत आली, तीही नेपाळ-तिबेटच्या वाटेने, आणि बघता बघता आपण तीही तळली.

गाडीच्या बाबतीत खरी तक्रार वेगळीच आहे: फलकावर माणसांची नावे आहेत आणि ती माणसे होती हे आपल्याला ठाऊक नाही. हा दोष गाडीवाल्याचा नाही, वाचणाऱ्याचा आहे.

एक धागा उरतो. भारतात स्थायिक झालेला पहिला नोंदलेला चिनी माणूस म्हणून ज्याचे नाव घेतात, तो तोंग अच्यू अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बंगालमध्ये आला. वॉरन हेस्टिंग्जकडून त्याने हुगळीकाठी जमीन मिळवली, आपल्या मुलखातून मजूर आणले आणि तिथे ऊस लावून साखर काढली. आजही कोलकात्याचे चिनी लोक नववर्षानंतर त्या अचीपूरच्या देवळात जातात. हिंदीत पांढऱ्या साखरेला 'चीनी' म्हणतात. भारतातल्या चिनी वस्तीची कहाणी सुरू होते ती घर सोडून ऊसाच्या कामाला आलेल्या मजुरांपासून.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरची कितीतरी घरे कुलूपबंद झालेली असतील. कोयते, भांडी, लेकरे गाडीत घालून जोड्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागल्या असतील. फडातल्या बाया अंधारात उठून, भाकरी थापून मग उसाला जातील. त्या परत येतील तेव्हा उन्हाळा असेल आणि ज्यांना सवड मिळेल त्या कुरडईचा चीक काढतील. तोवर चौकातल्या गाडीवर लाल अक्षरांत 'हक्का' लिहिलेले असेलच. पाहुणी कुटुंबे. या जिल्ह्याने तरी तो शब्द अर्थासकट वाचायला हवा.