कादंबरीचा समास : ‘क्लॅरिसा’, टपाल आणि वाचकसमूह

वाचककेंद्री समीक्षेने ‘वाचक’ ही संकल्पना साहित्यविचाराच्या मध्यभागी आणली, तेव्हा तिने जो वाचक गृहीत धरला तो बहुधा संहितेनेच घडविलेला होता. वोल्फगांग इझर यांचा ‘अभिप्रेत वाचक’ (१९७२) ही संहितेच्या रचनेत दडलेली भूमिका आहे; तो पत्र लिहीत नाही, हट्ट धरीत नाही, रुसत नाही. स्टॅन्ली फिश यांनी १९८० साली मांडलेला ‘अर्थनिर्णायक समूह’ हाही समान संकेतांनी बांधलेला, म्हणून मूलतः एकमताचा समूह आहे. या दोन्ही संकल्पनांची कसोटी पाहावयाची तर ज्या वाचकांनी आपल्या वाचनाचा लेखी पुरावा मागे ठेवला आहे अशांकडे वळणे इष्ट ठरते. सॅम्युएल रिचर्डसन यांच्या ‘क्लॅरिसा’ या कादंबरीभोवती टपालाच्या आधारे जमलेला वाचकसमूह हे त्याचे अत्यंत बोलके उदाहरण आहे.

‘क्लॅरिसा’ ही ५३७ पत्रांची कादंबरी. तिच्या पहिल्या आवृत्तीचे सात खंड तीन हप्त्यांत प्रसिद्ध झाले : दोन डिसेंबर १७४७ मध्ये, दोन एप्रिल १७४८ मध्ये आणि अखेरचे तीन डिसेंबर १७४८ मध्ये. रिचर्डसन स्वतः लंडनमधील मुद्रक होते. लेखन, छपाई आणि पत्रव्यवहार या तिन्ही गोष्टी त्यांच्या हाती एकवटल्या होत्या. प्रकाशनापूर्वीच कादंबरीचे हस्तलिखित एरन हिल, एडवर्ड यंग आदी स्नेह्यांकडे जात असे आणि अभिप्रायांसह परत येत असे. कादंबरी लांबली आहे अशी लेखकाची स्वतःचीच तक्रार होती, म्हणून त्यांनी हिल यांना संक्षेपाबद्दल विचारले. हिल यांनी मात्र आरंभीची पत्रे आपल्या शैलीत नव्याने लिहून पाठविली आणि रिचर्डसन दुखावले गेले. सल्ला मागणे आणि सत्ता सोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या समूहाच्या इतिहासाचे पहिले सूत्र येथेच दिसते.

हप्त्यांमधील अंतरामुळे वाचकाला एक विलक्षण स्थान प्राप्त झाले. चार खंड हाती आहेत, शेवट अजून यावयाचा आहे, पण क्लॅरिसा मरणार अशी वार्ता पसरली आहे. अशा वेळी, १७४८ च्या शरद ऋतूत, लँकेशरमधील लेडी ब्रॅडशे यांनी ‘बेलफोर’ हे टोपणनाव घेऊन रिचर्डसन यांना पत्र लिहिले. त्यांची मागणी अशी, की लव्हलेस सुधारावा, क्लॅरिसाने त्याचा स्वीकार करावा आणि कादंबरी सुखान्त व्हावी. आपली ओळख उघड होऊ नये म्हणून उत्तरही त्यांनी वर्तमानपत्रातून मागितले. दोघांची प्रत्यक्ष भेट झाली ती १७५० साली. तोवर पत्रव्यवहार बराच पुढे गेला होता. नंतर त्यांनी ‘क्लॅरिसा’ची आपली प्रत समासांत टिपा लिहून रिचर्डसन यांच्याकडे पाठविली, रिचर्डसन यांनी त्या टिपांखाली उत्तरे लिहिली. एकाच छापील पानाच्या कडेला वाचक आणि लेखक अशी दोन हस्ताक्षरे असलेली ही प्रत आज प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

या देवघेवीचे वर्णन ‘वाचकाची मुक्ती’ असे करण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे, कारण बेलफोर यांच्या मागणीचा आशय तपासणे आवश्यक आहे. घरच्यांनी लादलेला विवाह टाळण्यासाठी क्लॅरिसा लव्हलेसच्या आधाराने घराबाहेर पडते. तो तिला लंडनमधील एका कुंटणखान्यात ठेवतो, औषध पाजून बेशुद्धावस्थेत तिच्यावर बलात्कार करतो. त्यानंतर तो विवाहास तयार आहे. त्याचे कुटुंब आणि तिची मैत्रीणही विवाहातच मार्ग पाहतात. क्लॅरिसा नकार देते. हा नकार हे कादंबरीचे नैतिक केंद्र होय. सुखान्ताची मागणी म्हणजे, कितीही कळवळ्याने केलेली असली तरी, या नकाराचाच लोप करण्याची मागणी ठरते. अत्याचारित स्त्रीची अप्रतिष्ठा अत्याचाऱ्याशी विवाह लावून धुऊन काढणारी समाजरीती वाचकाच्या करुणेतूनही बोलते. रिचर्डसन बधले नाहीत आणि कादंबरीच्या ‘उत्तरलेखा’त त्यांनी काव्यगत न्यायाच्या कल्पनेचा जाहीर प्रतिवाद केला. येथे समूहाच्या बहुमतापेक्षा लेखकाचा एकाकी निर्णय अधिक न्याय्य होता, हे मान्य करावे लागते.

तथापि एवढ्यावर थांबणे लेखकाला फार सोपे सोडण्यासारखे होईल. लव्हलेसवर मोहित होणाऱ्या वाचकांमुळे अस्वस्थ झालेल्या रिचर्डसन यांनी १७४९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तळटीपा वाढविल्या आणि प्रत्येक पत्राचा सारांश देणारी विस्तृत अनुक्रमणी जोडली. १७५१ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी मजकुरात भर घातली आणि भर घातलेले भाग कळावेत म्हणून समासात ठिपक्यांच्या खुणा केल्या. आता वाचकाने लव्हलेसचे पत्र वाचावयाचे, पण त्याविषयी काय वाटावयाचे ते तळटीप सांगणार. जी पत्ररूप रचना निवेदकाला हद्दपार करून वाचकाला पत्रांच्या परस्परविरोधात एकटे सोडते, तिच्यात निवेदक तळघराच्या दाराने पुन्हा प्रवेश करतो.

समासाला या कादंबरीत आणखी एक गडद संदर्भ आहे. क्लॅरिसाची मैत्रीण ॲना हाऊ हिचे पत्र लव्हलेसच्या हाती लागते, तेव्हा सूड घेण्याजोग्या प्रत्येक वाक्याच्या कडेला तो बोटाची खूण करतो. पहिल्या आवृत्तीत त्या खुणा छापलेल्याही आहेत. पुढे तो ॲनाच्या नावाने बनावट पत्रेही रचतो. दुसऱ्याचे पत्र अडवून, त्यावर खुणा करून त्याचा अर्थ आपल्या ताब्यात घेणारा हा वाचक खलनायक आहे. टेरी ईगल्टन यांनी १९८२ मधील आपल्या ग्रंथात लेखन, लिंगभाव आणि सत्ता यांचे या कादंबरीतील नाते दाखविले आहे; त्याच दिशेने पुढे जाऊन म्हणता येईल, की समासातील प्रत्येक खूण कोणाची, कोणाच्या संमतीने आणि कोणाविरुद्ध केलेली आहे हाच वाचनव्यवहाराचा खरा प्रश्न आहे. लव्हलेसची खूण चोरीची आहे, तिसऱ्या आवृत्तीतील ठिपका अधिकाराचा आहे. लेडी ब्रॅडशे यांची टीप मात्र निमंत्रणाने लिहिलेली आणि उत्तराला मोकळी आहे.

या मोकळेपणाची दोन भिन्न फळे नोंदविण्याजोगी आहेत. लेडी ब्रॅडशे यांच्या भगिनी लेडी एक्लिन यांनी कादंबरीचा पर्यायी शेवट लिहिला. तीत बलात्कार घडतच नाही. लव्हलेस पश्चात्तापदग्ध होतो, पण मृत्यू मात्र टळत नाही. हे पुनर्लेखन १९८२ साली छापले गेले. दुसरे फळ अधिक मोलाचे. हेस्टर मल्सो या विशीतील तरुणीने १७५०-५१ मध्ये रिचर्डसन यांच्याशी पत्रांतून दीर्घ वाद घातला. विषय होता कन्येच्या विवाहाबाबत आईवडिलांचा अधिकार. त्या कथानक बदलून मागत नाहीत. क्लॅरिसाच्या दुःखाची मुळे ज्या पितृसत्तेत आहेत तिच्याविषयी लेखकाची भूमिकाच त्या तपासतात. लेखक आपल्याच कादंबरीच्या मागे उभा राहतो आणि वाचक त्याला ती पुन्हा वाचावयास लावते, असे येथे घडते.

या समूहाच्या मर्यादाही विसरता कामा नयेत. त्या काळी टपालहशील सामान्यतः पत्र घेणाऱ्याला भरावे लागे आणि ते अंतर व कागदांची संख्या यांनुसार वाढे. एकसमान पेनी टपाल आले ते १८४० साली. अर्थात हा समूह अवकाश, अक्षर आणि पैसा असणाऱ्यांचा होता. क्लॅरिसाला डांबणाऱ्या घरातील मोलकरणींची पत्रे त्यात येणे शक्य नव्हते.

हप्त्याहप्त्याने वाचकांपर्यंत जाणारी कादंबरी मराठीला अपरिचित नाही. १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः आली आणि तिचे शीर्षकच वाचकाला उद्देशून विचारलेला प्रश्न आहे. मराठी कादंबरीच्या इतिहासलेखनाने लेखक, आशय आणि कालखंड यांची भरपूर दखल घेतली. वाचकांची पत्रे, प्रतींवरील टिपा, हातोहात फिरलेल्या अंकांच्या खुणा यांकडे मात्र साधनसामग्री म्हणून पाहिले पाहिजे. अशा शोधात वाचक हा आदर्श वा एकमती सापडेल अशी अपेक्षा धरू नये. ‘क्लॅरिसा’च्या वाचकांचा धडा असा आहे, की वाचक कधी लेखकाहून मागे असतो, कधी पुढे, आणि तो कोठे उभा आहे हे ठरविण्यासाठी सिद्धान्तापेक्षा समासाकडे अधिक लक्षपूर्वक पाहावे लागते.